जुन्या फटफटीची निगराणी

मोटारसायकलीला मराठीत ‘फटफटी’ हे नाव तिच्या आवाजावरून मिळाले. एका सिलिंडरचे इंजिन संथ चालू लागले की त्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, आणि ज्याचा कान तयार झाला आहे त्याला त्या ठोक्यांवरून इंजिनाची प्रकृती बरीचशी समजते. येथे नाडी पाहणाऱ्या वैद्याची उपमा सहज सुचेल. परंतु जुनी फटफटी घरच्या घरी नीट ठेवू पाहणाऱ्या माणसाला वैद्याचा दुसराच एक गुण अधिक उपयोगी पडतो, तो म्हणजे निदान होईपर्यंत औषध न देण्याचा संयम. हा संयम ज्याच्यापाशी आहे त्याला चार पाने आणि एक पक्कड पुरते. ज्याच्यापाशी तो नाही त्याला सगळा बाजार विकत घेऊनही गाडीचे दुखणे सापडत नाही.

जुन्या गाडीचे उदाहरण म्हणून भारतात प्रथम आठवते ती ‘बुलेट’. रॉयल एनफिल्डची ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच या गावची. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने ती पसंत केली, आणि १९५५ मध्ये मद्रास येथे तिच्या जुळणीसाठी कंपनी स्थापन झाली. पुढे तिचे सुटे भागही येथेच घडू लागले. इंग्लंडातील मूळ उद्योग १९७० च्या सुमारास बंद पडला, मद्रासची गाडी मात्र चालत राहिली. ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर धाव असलेला बिडाचा एकच सिलिंडर, ३४६ घनसेंटिमीटर क्षमता, झडपा हलवणारे लांब पुशरॉड आणि इंजिनापासून वेगळा असा गिअरबॉक्स, हा तिचा आराखडा सुमारे २०१० पर्यंत मुळात बदलला नाही. त्यामुळे कित्येक दशकांपूर्वीच्या बुलेटचे भाग आजही मिळतात. शिवाय तिची यंत्ररचना डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. ज्या काळात गावोगावी कुशल मिस्त्री नव्हते त्या काळात, मालकाने स्वतः हात काळे करावेत याच अपेक्षेने अशी यंत्रे घडवली जात असत.

अशी एखादी गाडी इंदूरच्या वाड्यात, नागपूरच्या अंगणात किंवा हैदराबादच्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. कधी ती वडिलांची असते, कधी कोणाकडून स्वस्तात घेतलेली. वडिलांची असेल तर ती मोडीत घालवत नाही, आणि स्वस्तात घेतलेली असेल तर दुरुस्तीवर किमतीच्या दुप्पट खर्च परवडत नाही. दोन्ही परिस्थितींत एक गोष्ट समान असते. ही गाडी पुन्हा रस्त्यावर यावयाची आहे, तिच्यावर माणूस बसावयाचा आहे आणि बहुधा त्याच्या मागे घरातील आणखी कोणी बसावयाचे आहे. म्हणून हा छंद असला तरी खेळ नव्हे.

पाना हातात घेण्यापूर्वी कागद हातात घ्यावेत. इंजिनावर आणि सांगाड्यावर कोरलेले क्रमांक नोंदणीपुस्तकातील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. क्रमांक खाडाखोड केलेले असतील किंवा मूळ मालकाचा पत्ता लागत नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिच्यावर श्रम खर्च करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर जागेचा विचार. काम उघड्यावर किंवा चांगल्या खेळत्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या देवघरातील समईपर्यंतही पोहोचू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही आणि वासही नाही. बंद खोलीत इंजिन चालू ठेवणाऱ्याला तो सावध होण्याची संधी देत नाही. जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ड्रम उघडल्यावर आतील भुकटी फुंकर मारून उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके टाकून द्यावे.

हत्यारे थोडीच लागतात. मापाचे पाने, चांगल्या पोलादाचे दोन-तीन पेचकस, पक्कड, प्लगचा पाना, झिरो काढण्याच्या पातळ पत्त्यांचे गेज आणि एक साधे व्होल्टमीटर एवढे पुष्कळ झाले. चिमटीत न बसणाऱ्या मापाचा पाना लावून नट फिरवणे आणि ॲल्युमिनियमच्या भागातील बोल्ट अंगच्या ताकदीने आवळणे, या दोन सवयींनी जितके आटे गेले आहेत तितके वार्धक्याने गेलेले नाहीत. काढलेला प्रत्येक बोल्ट आणि वायसर ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ताटात मांडून ठेवावा. परत जोडताना हेच ताट नकाशाचे काम करते.

आता इंजिनाच्या व्यवहाराकडे वळावे. पिस्टनच्या चार फेऱ्यांत एक आवर्तन पुरे होते. पहिल्या फेरीत पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगीने पेटून पिस्टनला खाली ढकलते आणि चौथीत जळालेला वायू बाहेर जातो. यावरून इंजिनाच्या गरजा तीनच ठरतात: योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. सुरू न होणाऱ्या प्रत्येक गाडीत या तिहींपैकी काहीतरी उणे असते. ते कोणते, हे ठरवल्याशिवाय कोणताही भाग बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी एकदम किक मारून उठवू नये. प्लग काढून त्या छिद्रातून सिलिंडरमध्ये थोडे इंजिन-ऑइल सोडावे, एक रात्र जाऊ द्यावी आणि मग किक हाताने हळूहळू दाबून इंजिन मोकळे फिरते की नाही हे पाहावे. अडकले असेल तर जोर करू नये. ते सुटे फिरल्यावर जुने तेल काढून नवे भरावे. तेल बदलल्यानंतर इंजिन पहिल्यांदा चालेल तेव्हा डोक्याकडे जाणाऱ्या तेलनळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल तेथवर पोहोचते आहे याची खात्री करून घ्यावी. तेल न पोहोचलेले इंजिन बाहेरून निरोगीच दिसते, आणि काही मिनिटांत स्वतःला खाऊन टाकते. काढलेले काळे तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये; डब्यात साठवून ते घेणाऱ्याकडे द्यावे.

दाबाची परीक्षा पायानेच होते. प्लग बसवून, डीकॉम्प्रेसर न दाबता, किकवर शरीराचा भार हलकेच टाकला असता ती एका जागी अडून काही क्षण भार पेलते. ती तशीच खाली घसरत गेली तर झडपा, पिस्टनच्या रिंगा किंवा डोक्याखालचे गॅस्केट यांपैकी कोठून तरी वायू निसटत आहे.

ठिणगीच्या परीक्षेसाठी जुन्या बुलेटवर निर्मात्यानेच एक साधन देऊन ठेवले आहे. हँडलच्या वरील आवरणात बसवलेला ॲमीटर पुष्कळांना केवळ शोभेचा वाटतो. किल्ली चालू करून किक हळूहळू दाबत गेले की त्याचा काटा उणे बाजूला झुकतो आणि पुन्हा शून्यावर येतो. काटा झुकतो तेव्हा पॉइंट मिटलेले असून त्यांतून वीज वाहत असते. शून्यावर येतो तेव्हा पॉइंट उघडलेले असतात, आणि याच क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. काटा शून्यावरून हललाच नाही, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट कोठेतरी तुटलेली आहे किंवा पॉइंटवर मळ बसला आहे. तो सतत झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा एखादी उघडी तार सांगाड्याला टेकली आहे. एक नटही न खोलता एवढे कळते. त्यानंतर पॉइंटचे आवरण काढावे, संपर्काचे पृष्ठ स्वच्छ करावे आणि ते पूर्ण उघडले असता त्यांतील फट सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी. बॅटरीचे टोक सोडवण्याआधी कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे हे लिहून ठेवावे. जुन्या गाड्यांत हा प्रकार सर्वत्र एकसारखा नसतो.

मिश्रणाची जबाबदारी कार्बोरेटरची. उभ्या गाडीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेटचे बारीक छिद्र बुजवतो. जेट तारेने टोकरू नये, कारण छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. ते पेट्रोलने धुऊन हवेने फुंकावे. टाकीतील गंज काढल्याशिवाय आणि गाळणी बसवल्याशिवाय ही सफाई चार दिवसही टिकत नाही. यात अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या व वायसर त्याला तोंड देण्यासाठी बनवलेले नव्हते. म्हणून जुनी गाडी पुन्हा वापरात आणताना या वस्तू आज योग्य ठरणाऱ्या प्रतीच्या घालाव्यात, टाकी ओली ठेवून महिनोन्महिने गाडी उभी करू नये, आणि नळीला कोठे पाझर नाही हे वारंवार पाहावे. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल ही किरकोळ तक्रार नव्हे.

निदानाचे महत्त्व एका नेहमीच्या दुखण्यावरून चांगले कळते. गाडी घरून उत्तम निघते, आठ-दहा किलोमीटर धावते आणि मग गचके खात बंद पडते. पंधरा मिनिटे सावलीत उभी केली की जणू काही झालेच नव्हते अशी सुरू होते. मालक प्लग बदलतो, मग कंडेन्सर, मग कॉइल, मग कार्बोरेटर. खिसा रिकामा होतो आणि गाडी पुन्हा त्याच वळणावर बंद पडते. या एकाच लक्षणामागे दोन अगदी भिन्न कारणे असू शकतात. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले की पेट्रोल खाली उतरते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि अखेरीस पेट्रोल उतरेनासे होते; थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. दुसरे कारण कंडेन्सरचे किंवा कॉइलचे. ही थंड असताना काम करतात, तापल्यावर दगा देतात आणि निवल्यावर पुन्हा शहाणी होतात.

या दोहोंतील फरक विकत घ्यावा लागत नाही. योग्य वेळी पाहावा लागतो. गाडी बंद पडताच, ती निवण्यापूर्वी, टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि थोड्याच वेळात गाडी चालू लागली, तर दोष झाकणात आहे आणि तो एका टाचणीने दूर होतो. तसे झाले नाही, तर झाकण पुन्हा लावून, जवळ बाळगलेला दुसरा प्लग कॅपमध्ये बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारून ठिणगी पाहावी. इंजिनातील प्लग त्या वेळी जागेवरच असावा, म्हणजे छिद्रातून येणाऱ्या वाफेला ठिणगी लागण्याचे भय राहत नाही. ठिणगी नसेल तर विजेच्या बाजूचा शोध घ्यावा. निवलेल्या गाडीवर घरी तासभर केलेल्या तपासणीने जे कळत नाही ते रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांत कळते, कारण रोग तेव्हाच अंगात असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियमही यातूनच निघतो. तीन भाग एकदम बदलून गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली हे कधीच समजत नाही, आणि पुढच्या वेळी अज्ञान पूर्वीइतकेच शिल्लक राहते.

कानाने केलेले निदान मात्र कधीकधी फसवते. बुलेटच्या टॅपेटचा आवाज हा मालकांच्या चिंतेचा विषय असतो, आणि तो पूर्ण बंद करण्यासाठी टॅपेट आवळण्याचा मोह होतो. इंजिन थंड असताना, दाबाच्या फेरीच्या शेवटी पिस्टन वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे. मात्र वर-खाली त्याला खेळ नसावा. ही खरी मर्यादा. इंजिन तापले की सिलिंडर वाढतो आणि लागणारी फट आपोआप तयार होते. टॅपेट याहून अधिक आवळले तर झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, तिच्या कडेने तप्त वायू निसटत राहतो आणि झडप जळते. थोडा आवाज करणारे इंजिन धडधाकट असू शकते आणि अगदी शांत झालेले इंजिन आतून जळत असू शकते. आवाज कमी होणे म्हणजे दोष कमी होणे, असे समीकरण यंत्रात नसते.

इंजिन चालू झाले की दुरुस्ती संपली असे वाटू लागते. वास्तविक जिवाशी निगडित असलेला भाग तेथून पुढे सुरू होतो. चेनला मध्यभागी सुमारे अडीच-तीन सेंटिमीटर ढील असावी, आणि ती चाक पूर्ण फिरवून चेन सर्वांत ताठ लागेल त्या जागी मोजावी. जोडकडीच्या लॉकचे बंद टोक चेनच्या गतीच्या दिशेकडे असावे. इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडके लावणे हा बोटे गमावण्याचा हमखास मार्ग आहे. चाक हातानेच फिरवावे. चाकाच्या तारांवर पान्याने हलका टोला दिला असता प्रत्येक तार वाजते. जिचा आवाज बद्द येतो ती सैल आहे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. अलीकडच्या टायरच्या बाजूवर चार अंक छापलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. अंगावर भेगा असलेला टायर नक्षीकडे पाहून ठेवून घेऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत घरच्या कारागिराने स्वतःशी प्रामाणिक राहावे. केबलच्या तारा सुटू लागल्या असतील तर केबल बदलावी. लायनर तेलाने भिजला असेल तर तो पेट्रोलने पुसून पुन्हा बसवू नये, तो बदलावाच. घासून वाढलेला ड्रम, वाकलेला फोर्क, तडा गेलेला सांगाडा, चाकाची ओढ, सिलिंडरचे बोअरिंग आणि क्रँकची जुळणी ही कामे साधने आणि सराव असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावीत. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हेही निदानच होय. काम झाल्यावर गाडी आधी ढकलत नेऊन दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासावेत, मग मोकळ्या जागी संथ चालवावी, आणि पहिल्या फेरीला मागे कोणालाही बसवू नये.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणजे एक वही. कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर तेल बदलले, पॉइंटची फट किती ठेवली, प्लग कोणत्या रंगाचा निघाला, याची दोन ओळींची नोंद प्रत्येक वेळी व्हावी. प्लगचे टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक. ओला तेलकट थर असेल तर तेल वर चढत आहे. पांढरेफटक असेल तर मिश्रण विरळ किंवा उष्णता जास्त. एका दिवसाच्या रंगावरून फारसे कळत नाही. सहा महिन्यांच्या नोंदी एकापुढे एक वाचल्या की गाडी कोणत्या दिशेने चालली आहे ते दिसू लागते, आणि मोठा बिघाड होण्याआधी लहान खूण सापडते.

अशी वही वडिलांच्या हातची मिळाली, तर ती गाडीइतकीच जपण्याजोगी असते. तिच्या शेवटच्या नोंदीखाली मुलाने किंवा मुलीने नवी तारीख घालून पुढची ओळ लिहावी. मग अंगणात पहिली किक बसते, ॲमीटरचा काटा थरथरतो आणि बऱ्याच दिवसांनी तो ओळखीचा ठोका घरात ऐकू येतो. त्या वेळी घरची माणसे बाहेर येतात. वही लिहिणारा मात्र प्रथम वाकून तेल गळते का ते पाहतो.